बद्द आवाज

भोसरी एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत एक पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी वाळूत साचा उठवावा लागतो, आणि साचा उठवायला त्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रत लागते. तिला पॅटर्न म्हणतात. पंपाचं कवच असो की गिअरबॉक्सचं झाकण, आधी ते सागवानात घडतं, मग लोखंडात. भिवा ओव्हाळ त्या शॉपमध्ये एकतीस वर्षं पॅटर्न घडवत होता.

वडील पिंपरीच्या कंपनीत कामगार होते. भिवाला सुतारकामाची गोडी आयटीआयमध्ये लागली ती कायमची. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. चिंचवडला रेल्वे लायनीपलीकडे दोन खोल्यांत तो आणि त्याची मुलगी अंजली एवढेच राहत. अंजली हिंजवडीला नोकरी करायची. सकाळी कंपनीची कॅब तिला घेऊन जायची आणि ट्रॅफिकने सोडलं की परत आणून टाकायची.

शॉपमध्ये हत्यारांना धार लावायचा ग्राइंडर होता. त्याचा कारभार भिवाकडे. कुणी सोपवला नव्हता, आपोआप त्याच्याकडे आला होता. सुरुवातीला त्या ग्राइंडरवर मशीनबरोबर आलेला करडा दगड असायचा. लोखंडाच्या कडा मोडायला तो ठीक, पण लाकूड तासायची पटाशी त्यावर धरली की चार क्षणांत टोक निळं पडायचं. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. तशी पटाशी सागाच्या एका गाठीला आडवी गेली की बोथट. भिवाने म्हाताऱ्या शेठच्या मागे लागून पांढरा दगड आणवला होता.

"त्यात काय सोनं लागलंय?" शेठ म्हणाले होते.

"शेठ, करडा दगड कडक. त्याचे दाणे झिजून गुळगुळीत होतात तरी सुटत नाहीत, नुसते घासतात आणि तापवतात. पांढरा मऊ असतो. बोथट दाणा गळून पडतो, खालचा नवा वर येतो. म्हणून थंड चालतो."

तेव्हापासून दगड आणायला भिवाच जायचा. दुकानात आधी दगडावर चिकटवलेला कागद वाचायचा. आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक, अक्षर जितकं पुढचं तितका दगड कडक. पटाश्यांसाठी तो साठ किंवा ऐंशीचा दाणा घ्यायचा आणि अक्षर जे किंवा के. मग मोटरचा वेग दगडाला झेपतो का ते बघायचा. सगळ्यात शेवटी दगड वाजवायचा. भोकात बोट घालून दगड लटकता धरायचा आणि पटाशीच्या लाकडी मुठीने चार बाजूंनी हलकेच ठोकायचा. धड असेल तर कपबशीसारखा टणत्कार येतो. आतून तडकलेला असेल तर बद्द आवाज येतो, मडकं फुटकं असल्यासारखा. तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही. मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे घेणाऱ्या मोटरवर तो दगड चढला, तर कधी फुटेल आणि कुणावर जाईल सांगता येत नाही.

साहेबराव मुंडे बीड जिल्ह्यातल्या केजकडचा. भिवा लागला त्याच वर्षी तोही लागला. एकाच बाकाच्या दोन टोकांना दोघांनी एकतीस वर्षं काढली. साहेबरावच्या घरची ज्वारीची भाकरी भिवा खायचा, भिवाच्या डब्यातलं सुकट साहेबराव. साहेबरावच्या बायकोला, सुमनताईंना, भिवा वहिनी म्हणायचा. अंजलीची आई आजारी होती तेव्हा सुमनताई चिखलीहून दोन बस बदलून दवाखान्यात डबा आणायच्या. हे दोन-तीन महिने चाललं होतं.

शॉपमध्ये एके काळी चौदा माणसं होती. म्हातारे शेठ गेले, मुलगा दिग्विजय बसू लागला. त्याने सीएनसी आणली. कॉम्प्युटरवर आकृती काढायची, मशीन लाकूड कोरून देतं. ते चालवायला सुजित नावाचा पंचविशीतला ऑपरेटर आला. हातकामाला भिवा आणि साहेबराव दोघेच उरले. मशीनला जमत नाही असे कोपरे साफ करायचे, जुने पॅटर्न दुरुस्त करायचे. दोघांनाही ठाऊक होतं की आपण इथे मोजक्या दिवसांचे आहोत.

त्याच काळात भिवाला ऐकू येईनासं झालं.

एकदम नाही झालं. आधी मोबाइलची रिंग ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी. बँडसॉ, रंध्याचं मशीन, ग्राइंडर, एकतीस वर्षं हे सगळं कानांवर आदळत होतं आणि कानांत बोळे घालायचं कुणी कधी सांगितलं नव्हतं. भिवा लोकांच्या ओठांकडे बघायला शिकला. न कळलेल्या गोष्टीला हसून मान हलवायला शिकला. घरी टीव्हीचा आवाज वाढायचा तेव्हा अंजली म्हणायची, "पप्पा, किती मोठा!" आणि तो म्हणायचा, "बातम्या आहेत गं." शॉपमध्ये त्याने कुणाला कळू दिलं नाही. दोन माणसांतलं एक कमी करायचं दिग्विजयच्या मनात आलंच, तर बहिरा आधी जाणार हे उघड होतं.

दगड वाजवणंही त्याने सोडलं नव्हतं. बोटात लटकवायचा, ठोकायचा, मान हलवायचा. ऐकू काही यायचं नाही. बोटाला कंप लागतो, तेवढ्यावरून कळतं, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती. कान गेल्यापासून दोन दगड त्याने असेच चढवले होते आणि ते नीट चालले होते.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. नवा पांढरा दगड दुकानदाराने टेम्पोवाल्याबरोबर पाठवला होता, कारण भिवाला त्या दिवशी जाता आलं नव्हतं. खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. भिवाने दगड काढला, फिरवून पाहिला. कुठे काही दिसलं नाही. त्याने तो बोटात लटकवला आणि मुठीने ठोकला. सुजित मशीनपाशी उभा होता. दिग्विजय काचेच्या केबिनमध्ये फोनवर बोलत होता. साहेबराव बाकावरून उठून आला आणि भिवाच्या समोर उभा राहिला, ओठ दिसतील असा.

"वाजवला का नीट?" त्याने विचारलं.

"वाजवला," भिवा म्हणाला. "एक नंबर आहे."

साहेबराव क्षणभर दगडाकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि परत बाकावर गेला.

भिवाने बाकी सगळं नियमाने केलं. दगडाच्या दोन्ही अंगांना पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या, नट बेताने आवळला, गार्ड बसवलं. बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामा फिरवला. ड्रेसर नावाचं हत्यार धरून दगडाचं तोंड, म्हणजे घासायची कड, सरळ केलं. स्वतःच्या दोन पटाश्या लावल्या. ठिणग्या छान उडत होत्या, पोलाद तापत नव्हतं. ग्राइंडरवर डोळ्यांपुढे असते ती काच तेवढी नव्हती. ती ओरखडे पडून धुरकट झाली होती म्हणून वर्षापूर्वी काढून ठेवली होती, आणि नवी आणू आणू म्हणत राहून गेली होती.

दुपारी चहानंतर साहेबराव रंध्याचं पातं घेऊन ग्राइंडरवर गेला. भिवा त्याच्याकडे पाठ करून सागाला पॉलिश पेपर मारत होता. त्याला आवाज आला नाही. पायाखालची फरशी हादरल्यासारखी वाटली म्हणून त्याने वळून पाहिलं, तर साहेबराव खाली बसला होता. दोन्ही हात तोंडावर होते आणि बोटांतून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. सुजित धावत येत होता, त्याचं तोंड मोठं उघडलेलं होतं. तो काय ओरडतोय ते भिवाला कळत नव्हतं.

डावा डोळा वाचला नाही. गालाचं हाडही मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, बोटभर वर लागलं असतं तर माणूस गेला असता.

तिसऱ्या दिवशी सुजित भिवाच्या बाकापाशी आला. बराच वेळ घुटमळला.

"काका," तो म्हणाला, "एक विचारू? तुम्ही दगड वाजवला ना, तेव्हा आवाज मला जरा बद्द वाटला होता. पहिल्यांदा ठोकलात तेव्हा. मला वाटलं, पांढऱ्या दगडाचा तसाच असेल. तुम्ही एवढे जुने, तुम्हाला काय सांगायचं."

भिवाने त्याच्या ओठांवरून अर्धं ओळखलं आणि उरलेलं त्याच्या चेहऱ्यावरून. त्याने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला.

त्याच आठवड्यात दिग्विजयने अपघाताचा अहवाल लिहून सरकारी ऑफिसला पाठवला. त्यात लिहिलं होतं की कामगाराने दगडाच्या तोंडावर न घासता बाजूच्या अंगावर जोर देऊन घासलं, त्यामुळे दगड फुटला. पांढऱ्या दगडाच्या बाजूवर जोर द्यायचा नाही, हे साहेबरावला सुजितच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. भिवाने तो कागद वाचला, साक्षीदार म्हणून त्याच्यापुढे ठेवला गेला तेव्हा. त्याने सही केली.

पुढचे पाच आठवडे त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. साहेबरावला भेटायला तो दोनदा दवाखान्यात गेला. दोन्ही वेळा फळं ठेवली, पायाशी बसला आणि उठून आला. घरी ताटात भात निवून जायचा. एका रविवारी अंजलीने त्याच्या हातातून रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"पप्पा," तिने नेहमीच्या आवाजात हाक मारली. मग थोडी मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. भिवा समोरच्या काळ्या पडद्याकडे बघत बसला होता. त्या पडद्यात त्याला तिचं तोंड हलताना दिसलं तेव्हा कुठे त्याने मान वळवली. अंजली रडत होती.

"कधीपासून?" तिने समोर येऊन विचारलं.

"झाली तीन-चार वर्षं."

"आणि मला सांगितलं नाही?"

तेव्हा भिवाने तिला सगळं सांगितलं. दगड, तो ठोकण्याचा देखावा, सुजितचं बोलणं, अहवालावरची सही. सांगताना त्याचा आवाज फार मोठा होत होता, शेजारी ऐकू जाईल इतका. अंजलीने त्याला थांबवलं नाही.

"आधी कान दाखवू," ती शेवटी म्हणाली. "मग तुम्ही साहेबकाकांकडे जायचं. माझ्याशिवाय. तुमचं तुम्ही."

चिंचवडच्या डॉक्टरांनी कान तपासले. गेलेलं परत येणार नाही म्हणाले, पण मशीनने बोलणं कळेल. उजव्या कानाला मशीन लागलं. पहिले दोन दिवस भिवाला स्वतःच्या चपलांचा आवाजसुद्धा सोसेना.

चिखलीला साहेबरावचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. सकाळी अकराला भिवा जिना चढून गेला. सुमनताईंनी दार उघडलं.

"या भावजी. लई दिवसांनी."

साहेबराव पलंगावर टेकून बसला होता. डोळ्यावर पांढरी पट्टी, गाल एका बाजूने आत गेलेला. सुमनताई चहा टाकायला आत गेल्या. भिवाने बोलायला तोंड उघडलं, पण साहेबराव त्याच्या कानाकडे बघत होता.

"बसवलंस व्हय शेवटी," तो म्हणाला.

भिवाला आधी वाटलं, मशीनमुळे आपण चुकीचं ऐकलं.

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली. दिग्विजयशेठ मागून काही सांगायचा, तू तसाच काम करत राहायचास. मग मी तुझ्यासमोर येऊन तेच बोलायचो. तुझ्या ध्यानात आलं न्हाई?"

भिवाला आता ते सगळं आठवायला लागलं. साहेबराव दर वेळी बाक सोडून समोर येऊन उभा राहायचा. साधं 'जेवायला चल' म्हणायलासुद्धा.

"साहेबराव, त्या दिवशी दगड बद्द वाजला होता," तो म्हणाला. "सुजितला ऐकू आलं. मला नाही. मी खोटं बोललो तुझ्याशी. तुझा डोळा मी घालवला. आणि त्या कागदावर सही पण केली."

साहेबरावने आतल्या खोलीकडे पाहिलं. आतून कपांचा आवाज येत होता.

"मला शंका आलीच होती," तो म्हणाला. "तुला ऐकू येईना हे म्हाईत, मग तू वाजवून काय कळणार? म्हणूनच विचाराय आलो. तू एक नंबर म्हणालास. मनात आलं, दगड हातात घ्यावा आन आपण एकदा वाजवावा. पण सुजित बघायला होता. शेठ काचेमागं बसलेला. तुझ्या हातातून घेऊन परत वाजवला असता तर सगळ्यांना कळलं असतं. तुझ्या तोंडावर कसं करू ते? म्हणून बरं म्हणालो आन गेलो."

"अरे, करायचं होतंस," भिवा म्हणाला. त्याने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "करायचं होतंस रे."

"कशाला रडायलास? झालं ते झालं."

सुमनताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. केव्हापासून उभ्या होत्या ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्यांनी ट्रे खाली फरशीवर ठेवला.

"तुमी दोघं एकमेकांची लाज राखत बसलात," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "डोळा माझ्या घरातला गेला. हे म्हणतेत, झालं ते झालं. रातच्याला उठून भिंत चाचपतेत ते मी बघते. त्या कागदावर तुमची सही हाय, भावजी. तुमची. मी तुमच्या घरच्या माणसाला आपल्या हातानं भरवलं होतं."

"सुमन," साहेबराव म्हणाला.

"आता जावा तुमी," त्या भिवाला म्हणाल्या. भिवा उठला. साहेबरावने त्याला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवा दिग्विजयच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. दिग्विजयने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता.

"काका, हे तुम्ही तोंडी बोललात, मी ऐकलंच नाही असं समजतो," तो म्हणाला. "कागदावर आलं तर मला विचारतील, डोळ्यांपुढची काच का नव्हती? माणसाचे कान का तपासले नाहीत? शॉप बंद पडेल. तुमचंही काम जाईल. आणि साहेबकाकांचा डोळा तर परत येणार नाही ना?"

"नाही येणार," भिवा म्हणाला. "पण तो बाजूवर घासत नव्हता. तसं लिहिलेलं राहायला नको."

त्याने घरूनच लिहून आणलेला कागद टेबलावर ठेवला. दुसरी प्रत त्याने आधीच पोस्टाने कारखाना तपासणीच्या ऑफिसला पाठवली होती. त्यात आपलं बहिरेपण लिहिलं होतं, चेपलेलं खोकं लिहिलं होतं, काढून ठेवलेली काच लिहिली होती. सुजितचं नाव लिहिलं नव्हतं.

तपासणीला माणसं आली, जबाब झाले. सुजितने आपण होऊन आपलं ऐकलेलं सांगितलं. अहवाल बदलला. साहेबरावच्या नावावरची चूक निघाली आणि तिच्यापायी अडलेली त्याची अपंगत्वाची पेन्शन सुरू झाली. शॉप बंद पडलं नाही. ग्राइंडरला नवी काच लागली. भिवाला पुढच्या महिन्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. शेवटच्या दिवशी त्याने आपल्या पटाश्या कापडात गुंडाळल्या. रंध्याचं एक पातं साहेबरावचं होतं, ते सुजितकडे दिलं, पोचवायला.

मे महिन्यात साहेबराव आणि सुमनताई चिखलीची खोली सोडून केजकडे गावी गेले. एका डोळ्याने पॅटर्नची मापं बरोबर लागत नाहीत. खाच किती खोल, कड किती उंच, याचा अंदाज चुकतो. दुसऱ्या शॉपमध्ये साहेबरावने आठ दिवस करून पाहिलं होतं आणि स्वतःच सोडलं होतं. सामान टेम्पोत चढवायला भिवा गेला. कपाट, गॅस, गाद्या, सगळं त्याने आणि ड्रायव्हरने चढवलं. सुमनताई त्याच्याशी बोलल्या नाहीत, पण येऊ नका असंही म्हणाल्या नाहीत. निघताना साहेबरावने खिडकीतून हात बाहेर काढला. तो भिवाच्या खांद्याच्या अंदाजाने काढला होता, पण वीतभर बाजूला हवेत राहिला. भिवाने पुढे होऊन तो धरला.

भिवा आता चाकणजवळच्या एका वखारीत काम करतो. कंपन्यांचा माल ठेवायला लागणारे लाकडी पॅलेट तिथे बनतात. पाइनच्या फळ्या, हवेच्या बंदुकीने ठोकलेले खिळे, बस. धारेचं काम नाही. दर रविवारी दुपारी तो केजला फोन लावतो. अंजलीने कानातलं मशीन मोबाइलला जोडून दिलंय. फोन बहुतेक वेळा सुमनताई उचलतात. "देते," एवढंच म्हणतात आणि साहेबरावच्या हातात देतात.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्यांनी फोन उचलला आणि 'देते' म्हणाल्या नाहीत.

"झोपलेत," त्या म्हणाल्या. "काल उंबऱ्याला ठेचकाळून पडले. त्या अंगाचं दिसत न्हाई ना. गुडघा सुजलाय."

फोन बंद होईल म्हणून भिवा वाट बघत राहिला. पलीकडे कुठेतरी शेळी ओरडली.

"अंजली बरी हाय का?" सुमनताईंनी विचारलं.

"बरी आहे, वहिनी."

"हं."

शेळी पुन्हा ओरडली.

"सांजच्याला लावा परत," त्या म्हणाल्या. "तवर उठतील."

भिवाने संध्याकाळी परत लावला.